जुन्या शिलाई मशीनचा एखादा भाग हरवलाय? भंगारात घालायच्या आधी हे करून बघा

बऱ्याच घरांत काळी पायमशीन माळ्यावर नाहीतर गॅलरीत चादर टाकून पडलेली असते आणि दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी म्हणतंच, काढा आता ही, भंगारवाल्याला बोलवा. का काढायची विचारलं तर "चालत नाही, तिचं काहीतरी हरवलंय" एवढंच उत्तर मिळतं. काय हरवलंय ते कोणालाच माहीत नसतं. मी अशा बऱ्याच मशिनी बघितल्यात आणि माझा अनुभव असा की हेड तडकलेलं नसेल, म्हणजे बिडाचा मुख्य सांगाडा शाबूत असेल, तर हरवलेला भाग बहुतेक वेळा हाताच्या मुठीत मावेल एवढाच असतो. तो मिळतो, नाही मिळाला तर दुसऱ्या मशीनचा बसवता येतो, आणि काही भाग तर चक्क बनवून घेता येतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण ही लक्षात ठेवा. हरवलेला भाग एकटा शोधायला जाऊ नका. तो ज्या भागात बसतो, ज्याला टेकतो किंवा ज्यात फिरतो तो शेजारचा भाग मशीनमधून काढून दुकानात बरोबर न्या. दुकानदाराला "उषाची बॉबिन केस द्या" म्हटलं की तो डब्यातनं एक काढून देणार, तुम्ही पैसे देऊन घरी येणार आणि ती बसणार नाही किंवा बसेल पण टीप सुटत राहील. जुन्या मशीनमध्ये जोडी जुळावी लागते.

आधी आपली मशीन कुठली ते ओळखा

वर नाव काय लिहिलंय यावर फार जाऊ नका. आपल्याकडे घरगुती काळ्या मशिनींत सिंगर, उषा, मेरिट, रीटा अशी नावं दिसतात पण आतून यातल्या पुष्कळशा एकाच घराण्याच्या आहेत, सिंगरच्या पंधरा नंबर मॉडेलवर बेतलेल्या. उषा ही जय इंजिनियरिंगने १९३० च्या दशकात कलकत्त्यात सुरू केली, त्याच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं सिंगर स्कॉटलंडहून यायच्या, क्लाईडबँकच्या किलबोवी कारखान्यातून. तुमच्या मशीनच्या कागदावर किंवा पट्टीवर १५के असं काही असेल तर त्यातला के हा त्याच किलबोवी कारखान्याचा. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण त्याच्या मशिनी अजून आपल्याकडे गावोगाव चालतायत. १९२४ मध्ये यंत्रांबद्दल बोलताना गांधीजींनीसुद्धा सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता, यावरून तेव्हा तिची काय किंमत होती ते कळतं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे खालचा दोरा कुठे बसतो ते बघायचं. गोल बॉबिन एका छोट्या डबीत, म्हणजे बॉबिन केसमध्ये, बसते आणि ती डबी मशीनच्या डाव्या टोकाकडून, खालच्या बाजूने, उभी आत सरकते, तर तुमची मशीन पंधरा नंबरच्या घराण्यातली. याच सगळ्यात जास्त सापडतात आणि यांचे पार्ट मिळायला सगळ्यात सोपे. गोल बॉबिन सुईच्या अगदी पुढ्यात वरून आडवी टाकायची असेल तर ती ६६ नंबरची किंवा तिची धाकटी बहीण ९९, ही छोटी हातमशीन बऱ्याच जणांकडे असते. आणि बॉबिन गोल नसून लांब पातळ दांडीसारखी असेल, होडीच्या आकाराच्या शटलमध्ये बसत असेल तर ती अजून जुन्या पद्धतीची, २७, २८, १२७, १२८ यातली काहीतरी.

हे ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका कारण १५ ची आणि ६६ ची बॉबिन हातात घेतली तर दोन्ही जवळजवळ सारख्याच वाटतात, फक्त ६६ च्या बॉबिनची दोन्ही तोंडं किंचित फुगीर असतात आणि १५ ची सपाट. एकीची दुसरीत घातली तर ती बसल्यासारखी वाटते, चार टाके पडतात आणि मग दोरा आवळतो. "हिचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, बिघडलंय" म्हणून टाकून दिलेल्या मशिनींत मला हीच गोष्ट बरेचदा सापडते.

सिंगरची असेल तर अजून एक सोय आहे. सुट्या भागांवर, अगदी स्क्रूच्या डोक्याएवढी जागा असली तरी, सिमान्को असा शिक्का आणि एक नंबर असतो. सिमान्को म्हणजे सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचंच आखूड नाव. शेजारच्या भागावरचा नंबर वाचता आला तर कुठल्या मॉडेलचा तो लगेच कळतं. भिंग घ्या, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, मळ असेल तर मशीनच्या तेलात बुडवलेल्या कापडाने पुसा.

आधी मोकळी करा, मग काय नाहीये ते शोधा

वर्षानुवर्षं पडून असलेली मशीन फिरतच नाही, त्यामुळे काय हरवलंय आणि काय नुसतं चिकटलंय हे कळत नाही. चिकटायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे घरातलं खोबरेल नाहीतर गोडेतेल. कोणीतरी प्रेमाने घातलेलं असतं आणि ते आत वाळून राळेसारखं झालेलं असतं. त्याला रॉकेल उत्तम, पण आता रॉकेल सहज मिळत नाही, तर गंज सोडवायचा स्प्रे घ्या नाहीतर साधं शिलाई मशीनचं पातळ तेलच भरपूर सोडा आणि रात्रभर राहू द्या. हेडवर जिथे जिथे छोटी भोकं दिसतात ती तेलाचीच असतात, त्या प्रत्येकात दोन-दोन थेंब. हेड मागे कलंडून खालून जिथे जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथेही. दुसऱ्या दिवशी चाक हाताने हळू मागे-पुढे हलवा. पक्कड लावून चाक फिरवायचं नाही, हातोडी तर जवळही आणायची नाही, कारण बीड वाकत नाही, ते थेट तुटतं. थोडी गरमी दिली की वाळलेलं तेल सुटतं, केस वाळवायचा ड्रायर त्यासाठी पुरतो.

रॉकेल, स्पिरिट, थिनर हे बाहेरच्या काळ्या रंगावर मात्र लावू नका. जुन्या सिंगरवर जी सोनेरी वेलबुट्टी असते तिच्यावर लाखेचा थर असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि एका पुसण्यात सोनं निघून येतं. बाहेरून फक्त मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड.

काही खोलायच्या आधी फोटो काढा, प्रत्येक स्क्रूच्या आधी एक. आणि काढलेले स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने ठेवा, एका भागाचे एका खळग्यात. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण बसणारं हवं. आपल्याकडचे बाजारातले स्क्रूड्रायव्हर टोकाला जाड असतात, ते कानशीवर घासून पातळ करून घ्या, नाहीतर शंभर वर्षं टिकलेल्या स्क्रूची खाच तुम्ही एका मिनिटात घालवाल.

चाक फिरायला लागलं की दोरा न लावता, सुई काढून, कापड दाबणारा फूट वर उचलून चाक आपल्याकडे फिरवा आणि चार गोष्टी बघा. सुईदांडा वर-खाली होतोय का, दोरा ओढणारा वरचा दांडा त्याच्याबरोबर हलतोय का, कापड सरकवणारे दाते वर येऊन मागे सरकून खाली जातायत का, आणि खाली डाव्या बाजूला शटल, म्हणजे बॉबिन केसभोवती फिरणारा टोकदार भाग, अर्धा गोल फिरून परत येतंय का. शटलच जागेवर नसेल तर त्याला ढकलणारा तुकडा तरी तसा डुलतोय का ते बघा. या चार हालचाली होत असतील तर मशीनचं काळीज ठीक आहे, जे हरवलंय ते किरकोळ आहे आणि तुम्ही निर्धास्त खर्च करू शकता. यातली एखादी हालचाल होतच नसेल, आतला दांडा किंवा कॅमच तुटला असेल, तर मग त्याच मॉडेलचं दुसरं हेड पार्टसाठी शोधावं लागतं, त्याबद्दल पुढे सांगते.

बॉबिन केस, सगळ्यात जास्त हरवणारी

ही हरवते कारण ती रोज काढावी लागते. मुलं खेळायला नेतात, शेजारी "जरा दाखवा" म्हणून नेतात, आणि मशीन शिफ्टिंगमध्ये कलंडली तर ही आपोआप बाहेर पडते.

१५ नंबरची केस घेताना तिच्या कडेला जो एक कान बाहेर आलेला असतो तो नीट बघा. केस मशीनमध्ये बसली की तो कान शटलवरच्या कड्याच्या खाचेत अडकतो आणि त्यामुळेच केस स्थिर राहते, शटल तिच्याभोवती फिरतं. आता गंमत अशी की बाजारात दोन प्रकार मिळतात, समोरून बघितलं तर एकीचा कान मध्यापासून थोडा उजवीकडे कललेला आणि दुसरीचा डावीकडे. दोन्ही केस दिसायला सारख्या, खटका सारखा, बॉबिनही तीच. चुकीची घेतली तर कान खाचेत जात नाही, केस अर्धवट बसते आणि सुई खाली आली की थेट केसवर आदळून मोडते. म्हणून म्हटलं, शटल आणि वरचं कडं दोन्ही काढून न्या. कडं दोन स्क्रूंनी नाहीतर दोन चिमट्यांनी धरलेलं असतं, चिमटे बाहेर उघडले की कडं आणि मागोमाग शटल हातात येतं.

दुकानात काय करायचं ते सांगते. "काका, ही शटल आणि हे कडं, याला बसेल अशी केस दाखवा, दोन-तीन दाखवा, मी बसवून बघते." चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही, उलट खूष होतो. शटल कड्यात ठेवा, मधल्या खिळ्यावर केस सरकवा, खटका सोडा. खट् असा आवाज आला पाहिजे. मग बोटाने केस हलवून बघा, कान खाचेत असला पाहिजे पण खाचेच्या दोन्ही बाजूंना किंचित मोकळी जागा हवी, कारण वरचा दोरा दर टाक्याला तिथून सरकून जातो. कान खाचेत घट्ट रुतत असेल तर ती केस नको. मग केस काढून तिच्यात बॉबिन घाला, बॉबिन विनाअडथळा फिरली पाहिजे आणि बाहेर डोकावता कामा नये. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. साधी केस शंभर-दोनशेच्या घरात मिळते, त्यामुळे दोन ठिकाणी बघून चांगल्या फिनिशिंगची घ्या, कडांना बोट फिरवून बघा, कुठे खरखर लागली तर तिथेच दोरा तुटणार.

घरी आल्यावर बॉबिन भरताना दोरा ढिला भरू नका. बॉबिन केसमध्ये घालून उघड्या तोंडाकडून बघत दोरा ओढला तर बॉबिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला हवी, उलटी फिरत असेल तर बॉबिन काढून पालटून घाला. दोरा खाचेतून केसवरच्या पट्टीखाली ओढून घ्या, मग केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा. ती आपल्या वजनाने सरसर खाली जायला नको आणि हाताला हलका झटका दिल्यावर थोडीशी घसरली पाहिजे. पट्टीवर दोन स्क्रू असतात, त्यातला मोठा फिरवायचा, छोटा पट्टी धरून ठेवायला असतो त्याला हात लावू नका. मोठासुद्धा अगदी पाव फेऱ्याहून कमी, आणि खाली पांढरा कपडा पसरूनच, कारण हे स्क्रू पडले की फरशीवर दिसत नाहीत.

शटलच हरवलं असेल तर हाच नियम, फक्त आता जुनं कडं आणि मशीनच बरोबर हवी. हेड स्टँडवरून उचलून न्यायला जड आहे हे खरं, पण शटलच्या बाबतीत अंदाजाने आणलेलं बसत नाही, त्याचं टोक सुईला किती जवळून जातं यावर सगळं अवलंबून आहे. टोक सुईला घासायला नको आणि फार लांबूनही जायला नको, मध्ये कागदाच्या जाडीएवढं अंतर पुरे. होडीच्या शटलवाली मशीन असेल तर बॉबिन आणि शटल दोन्ही एकाच ठिकाणाहून जोडीने घ्या, ती मिळतात पण सगळ्या दुकानांत नाही, आणि तिथेसुद्धा मोठ्या मशीनची शटल छोटीला बसेलच असं धरून चालू नका.

टेन्शनचे बारके भाग

मशीनच्या डाव्या टोकाच्या झाकणावर जे टेन्शन असतं त्यातून काहीतरी गायब असणं ही दुसरी नेहमीची तक्रार. कोणीतरी खोललेलं असतं आणि जोडताना एखादा तुकडा उरलेला असतो, तो मग सुईदोऱ्याच्या डब्यात जाऊन पडतो. म्हणून आधी घरातला बटणांचा डबा पूर्ण उपडा करून बघा, मी हे अगदी मनापासून सांगतेय, त्यात काहीही सापडतं.

टेन्शनचे भाग एका खिळ्यावर चढवलेले असतात, ते जोडायचा क्रम असा. आधी दोरा ओढून धरणारी बारीक तारेची स्प्रिंग. मग दोन चकत्या, त्यांची फुगीर बाजू एकमेकींकडे, म्हणजे दोरा दोन फुगीर गुळगुळीत पाठींच्या मध्ये धरला जातो. मग ती चकती जिच्यात मध्ये आडवी पट्टी असते. मग निमुळती होत जाणारी जाड स्प्रिंग. शेवटी नट, काही मशिनींत आकड्यांची तबकडी. आडव्या पट्टीच्या मागे, खिळ्याच्या पोकळीत एक छोटी काडी असते, फूट वर केला की ती काडी पट्टीला ढकलते आणि चकत्या उघडतात. ही काडी हमखास हरवते. ती नसली तर फूट वर केला तरी दोरा सुटत नाही, कापड काढताना सुई वाकते. बरं झालं की ही घरी बनते, सायकलच्या स्पोकचा तुकडा जाडीला जुळला तर तो, नाहीतर तेवढ्याच जाडीची सरळ तार, दोन्ही टोकं कानशीने गोल करायची. लांबी हळूहळू कमी करत आणायची, फूट खाली असताना काडीने पट्टीला टेकायला नको आणि वर असताना चकत्या उघडल्या पाहिजेत.

तारेची स्प्रिंग मात्र बनवत बसू नका. सेफ्टी पिनपासून बनवलेल्या मी बघितल्यात, त्या काम करत नाहीत, तिला एक ठराविक लवचिकपणा लागतो. पूर्ण टेन्शन सेट मिळतो, तोच घ्या, पण जुना खिळा बरोबर न्या कारण झाकणात बसणाऱ्या भागाची जाडी वेगवेगळी असते. बसवल्यावर सुई खाली आणत बघा, सुईचं टोक कापडाला लागेपर्यंत त्या स्प्रिंगची हालचाल संपलेली असली पाहिजे. आधीच संपत असेल किंवा सुई आत गेल्यावरही चालूच असेल तर खिळ्याचा स्क्रू सैल करून खिळा जरासा फिरवायचा.

चाकातला वॉशर

ही फार छोटी गोष्ट आहे पण तिच्यामुळे चांगल्या मशिनी बाद ठरवल्या जातात म्हणून इथे थांबते. उजव्या चाकाच्या मधोमध जो मोठा गोल नट असतो, बॉबिन भरताना जो आपण सैल करतो, त्याच्या मागे एक पातळ वॉशर असतो. त्याला आतल्या बाजूला दोन छोटे दात आणि बाहेरच्या कडेला तीन उंचवटे. आतले दात दांड्याच्या खाचांत बसतात, आणि मोठ्या नटमध्ये जो बारीक स्क्रू आहे तो बाहेरच्या उंचवट्यांत अडतो, म्हणून नट पूर्ण निघून येत नाही.

हा वॉशर नसेल तर दोनपैकी एक होतं, एकतर पेडल मारलं की चाक नुसतंच फिरतं आणि सुई हलत नाही, किंवा नट कितीही सैल केला तरी बॉबिन भरताना सुई वर-खाली होतच राहते. वॉशर आहे पण तरी असं होतंय, तर तो उलटा बसलाय. काढा, आतले वाकडे दात बाहेर तुमच्याकडे येतील असा धरा आणि परत बसवा, तरी नट पुरेसा आवळला जात नसेल तर परत काढून अर्धा फेरा फिरवून लावा. दोनपैकी एका जागी तो बरोबर काम करतो. नवीन घेताना चाकाचा नट बरोबर न्या, तेवढा पुरतो.

स्क्रू, पट्ट्या आणि बाकीचं

सुई धरणारा स्क्रू, फूट धरणारा स्क्रू, झाकणाचा स्क्रू हे हरवले की लोक हार्डवेअरच्या दुकानातून "साधारण तेवढा" आणतात. शिलाई मशीनचे आटे खास असतात, इंची मापाचे आणि बारीक. हार्डवेअरचा मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे जातो, मग अडतो, मग माणूस जोर लावतो आणि बिडातले आटे कापले जातात. स्क्रू दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला तरच तो तुमचा. पार्टवाल्याकडे स्क्रूंचा खोका असतो, त्यातून निवडू देतात. आटे आधीच गेले असतील तर चांगल्या लेथवाल्याकडे जा, तो नवीन आटे पाडून त्या मापाचा स्क्रू करून देतो.

डाव्या बाजूची सरकती पट्टी नसेल तर मशीन चालते, फक्त कापड अडकतं. त्याच जाडीच्या स्टीलच्या पत्र्याची पट्टी फॅब्रिकेशनवाला कापून देतो, कडा नीट घासून घ्या. वरचा दोऱ्याच्या रिळाचा खिळा म्हणजे तर फक्त एक खिळा आहे. फूट घेताना सुईदांड्याशेजारचा दांडा किती उंचीचा ते बघा, जुना कुठलाही फूट असेल तर तो न्या. पट्टा चामड्याचा गोल मिळतो, तो लांबच देतात, चाकावरून आणि खालच्या मोठ्या चाकावरून घालून जास्तीचा कापायचा आणि धातूच्या आकड्याने जोडायचा. फार घट्ट करू नका, पेडल जड होतं.

केस, शटल, टेन्शनच्या चकत्या आणि सुईची पट्टी या चार गोष्टी मात्र कधीच बनवून घेऊ नका. यांच्यावरून दोरा जातो, आणि दोरा जिथून जातो तिथे आरशासारखं पॉलिश लागतं. जुनीच शटल थोडी खरखरीत झाली असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, टोक मात्र बोथट होऊ देऊ नका.

पार्ट मिळतात कुठे

आधी तालुक्याच्या गावातलं सगळ्यात जुनं शिलाई मशीनचं दुकान. नवीन शोरूम नको, जिथे मागच्या बाजूला एक माणूस मशीन खोलून बसलेला असतो ते दुकान. आज मिळणारे बहुतेक पार्ट लुधियानाहून येतात, तिथे शिलाई मशीन आणि सुट्या भागांचा मोठा धंदा आहे, त्यामुळे दुकानात नसलं तरी मागवून देतात, फक्त नमुना दाखवावा लागतो. पुण्यात असाल तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत असाल तर चोर बाजार. तिथे सुट्या पार्टपेक्षा मोडकं हेड घेणं जास्त फायद्याचं, एका हेडमधून तुमचा पार्ट निघतो आणि शिवाय पुढे लागणारे पंधरा-वीस स्क्रू. घ्यायच्या आधी तिथेच बघा की तुम्हाला हवा तो भाग त्यात खरंच आहे, कारण सगळ्यात आधी कोणीतरी तोच काढून नेलेला असतो. गावातल्या जुन्या टेलरदादांनाही विचारा, त्यांच्याकडे बाद झालेल्या मशीनचे डबे असतात आणि ते पैशापेक्षा "मशीन चालू करायची आहे" हे ऐकून देतात.

परदेशात राहणारे जे आईची हातमशीन बरोबर घेऊन गेलेत त्यांना तर सोपं आहे, १५, ६६, ९९ हे नंबर जगभर विकले गेलेत, त्या नंबराने शोधलं की तिकडेच पार्ट मिळतो, इथून मागवायची गरज नाही.

जोडल्यावर टीप पडत नसेल तर

नवीन पार्ट बसवल्यावर पहिल्या फटक्यात टीप पडली नाही म्हणून टायमिंगला, म्हणजे सुई आणि शटलच्या जुळणीला, हात घालू नका. आधी सुई. घरगुती मशीनची सुई चपट्या बुडाची असते, टेलरच्या मोठ्या मशीनची गोल बुडाची, दुकानात दोन्ही शेजारी असतात. १५ नंबरच्या मशीनमध्ये चपटी बाजू उजवीकडे, चाकाच्या दिशेला, आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. सुईला ज्या बाजूला लांब खाच असते त्या बाजूने दोरा आत जातो हे सगळ्याच मशिनींना लागू आहे. सुई वर टेकेपर्यंत सरकवा, मग स्क्रू आवळा. साध्या सुती कापडाला १६ नंबर, पातळ कापडाला १४, जीनला १८. दोरा ओवताना फूट वर ठेवा म्हणजे तो चकत्यांच्या मध्ये नीट शिरतो.

सुई बरोबर असून टाके सुटत असतील तर मग चाक हळू फिरवत शटल बघा. बऱ्याच मशिनींच्या सुईदांड्यावर दोन बारीक रेघा असतात. दांडा अगदी खाली असताना वरची रेघ बुशच्या, म्हणजे दांडा ज्या नळीतून सरकतो तिच्या, खालच्या कडेशी यायला हवी, आणि दांडा वर उठत खालची रेघ तिथे आली की शटलचं टोक बरोबर सुईच्या मागे, भोकाच्या थोडं वर पोचलेलं असलं पाहिजे. रेघा नसतील तर सुई सगळ्यात खालून साधारण अडीच मिलिमीटर वर उठली की हीच स्थिती हवी. तसं नसेल तर झाकण उघडून सुईदांडा धरणारा स्क्रू सैल करून दांडा किंचित वर-खाली करता येतो, आधी पेन्सिलने जुन्या जागेची खूण करून.

शेवटी दोन रंगांचे दोरे घ्या, वर लाल खाली पांढरा, आणि सुती कापडाची दुहेरी घडी शिवा. कापडाच्या खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे झोल दिसले तर वरचं टेन्शन ढिलं आहे किंवा दोरा चकत्यांत गेलेलाच नाही, वरच्या बाजूला पांढरा दिसला तर वरचं जास्त घट्ट आहे किंवा बॉबिन केसची पट्टी सैल. आधी वरचंच जुळवा, केसच्या स्क्रूला अगदी शेवटी हात लावा. टीप दोन्हीकडून सारखी दिसायला लागली की नवीन कापडावर घाई करू नका, चिंधीवर थोडा वेळ चालवत राहा म्हणजे आत राहिलेलं तेल त्या चिंधीवरच उतरेल, आणि मग पोलक्याचं कापड काढा.